संमतीपत्रातलं एकवचन

मराठीत 'मी'चं अनेकवचन दोन तऱ्हांनी होतं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. बंगळूरला येऊन कन्नड शिकायला लागले तेव्हा ते ध्यानात आलं. शिक्षकांनी 'नावु' म्हणजे 'आम्ही' असं सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात 'नावु' म्हणजे 'आपण' असंही सांगितलं. मी विचारलं, यातलं खरं कोणतं? ते म्हणाले, दोन्ही. समोर कोण बसलंय त्यावरून समजून घ्यायचं. मराठीत असं समजून घ्यावं लागत नाही. 'आम्ही जेवायला चाललोय' आणि 'आपण जेवायला चाललोय' या दोन वाक्यांत ऐकणाऱ्याच्या जेवणाचा फरक आहे. तमिळ आणि तेलुगूत हा भेद आहे, गुजरातीत आहे. हिंदीत आणि इंग्रजीत नाही. शिवाय आपलं 'आपण' आणखी दोन कामं करतं. समोरच्याला आदरानं बोलवायला तेच, आणि 'ती आपण होऊन गेली' म्हणताना स्वतःसाठीही तेच. एकाच शब्दात तुम्ही, मी आणि आपण सगळे. इतकी गर्दी दुसऱ्या कुठल्या सर्वनामात असेल असं मला वाटत नाही.

हे व्याकरण एका संमतीपत्रामुळे माझ्या डोक्यात बसलं. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला. वय ४३. मूळची बेळगावची, लग्नानंतर वीस वर्षं इथं बंगळुरात. उपचार सुरू होताना डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सुचवली. संमतीपत्र इंग्रजीत आणि कन्नडात होतं. तिला दोन्ही भाषा येतात, तरी म्हणाली, "तू मला मराठीत सांग, म्हणजे मला कळलंय की नाही ते मला कळेल." मी भाषांतराची कामं करते, त्यामुळे घरातली अशी कामं माझ्याकडेच येतात. वाक्यं सोपी होती. मी, खाली सही करणारी, माझ्या रक्ताचा नमुना स्वेच्छेनं देत आहे. माझे निष्कर्ष माझ्या परवानगीवाचून कुणालाही कळवले जाणार नाहीत. मी, माझा, माझे. मग खालच्या बाजूला एक वाक्य होतं: या तपासणीतून माझ्या रक्ताच्या नातेवाइकांविषयीही माहिती मिळू शकते, हे मला समजावून सांगण्यात आलं आहे.

तिथं ती थांबली. म्हणाली, "मग त्यांची सही कुठंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि समुपदेशक बाईंकडेही नव्हतं, पण त्या बाईंनी तो प्रश्न उडवून लावला नाही, हे त्यांचं मोठेपण. त्या म्हणाल्या, "सही तुमचीच. रक्त मात्र सगळ्यांचं."

'ब्राका-१' नावाचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं. ते तिथं असणार हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवलं आणि १९९४ मध्ये ते नेमकं हाती आलं. पेशीतला डीएनए सतत तुटत असतो. तो सांधण्याच्या कामात या जनुकापासून बनणारं प्रथिन लागतं. जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यातली एक जन्मापासूनच बिघडलेली असेल तर सगळी भिस्त दुसरीवर. अशा बाईला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते, बीजकोशाच्या कर्करोगाची त्याहून कमी पण तीही भयंकर. बिघडलेली प्रत प्रत्येक मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी. स्तनाचा आजार म्हणजे तो आईच्या बाजूनं येणार, असं आपल्याकडे गृहीत धरलं जातं. ते खोटं आहे. बाप स्वतः धडधाकट राहून तो तितक्याच सहज पुढे देतो.

तिचा अहवाल 'आहे' असा आला. माझ्या मावशीची तपासणी केली, ती 'नाही' आली. म्हणजे हा बदल वडिलांकडचा. (माझं आणि तिचं नातं आईच्या बाजूचं, त्यामुळे माझ्या रक्ताशी याचा संबंध नाही. मी हे जरा लांबून लिहू शकते ते त्यामुळेच.) तिचे वडील हयात नाहीत. मग सगळ्यांना तिची आत्या आठवली. आत्या पन्नाशीत गेली. घरात म्हणत, तिच्या पोटात पाणी झालं होतं. पोटात पाणी होणं हा आपल्याकडे आजार समजला जातो, पण ते पुष्कळदा बीजकोशाच्या कर्करोगाचं शेवटचं रूप असतं. तीस वर्षं जी गोष्ट नशिबाच्या खात्यात पडून होती, तिला आता सतराव्या गुणसूत्रावरचा पत्ता मिळाला.

उरले काका आणि त्यांच्या दोन मुली. थोरली ३४ वर्षांची, धाकटी २७ची. धाकटीचं लग्न ठरवायचं चाललंय. हिशेब सरळ आहे. काकांकडे ही प्रत असण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीकडे असण्याची पाव. काकांनी चमचाभर रक्त दिलं आणि ते 'नाही' आलं, तर दोन्ही मुली त्या क्षणी मोकळ्या. मावसबहिणीनं बेळगावला फोन करून हे सांगितलं. काका शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "हे आमच्या घरात आणू नकोस. पोरीचं जमेपर्यंत तर मुळीच नको."

'आमच्या घरात.' ज्या घरात ती जन्मली, वाढली, त्या घराबद्दल तिच्याशी बोलताना 'आपल्या'चं 'आमच्या' झालं. ते त्यांनी ठरवून केलं नसणार. सर्वनामं ठरवून वापरली जात नाहीत.

काकांना खलनायक करणं सोपं आहे, आणि मला ते करायचं नाही. मुलीचं लग्न मोडेल ही त्यांची भीती खरी आहे. 'त्यांच्या घरात कॅन्सर आहे' हे वाक्य बेळगावात एका दुपारी किती घरं फिरून येतं हे मला माहीत आहे. पण त्यांचा युक्तिवाद नीट पाहिला तर तो असा आहे: माहिती घराची आहे, घराचा प्रमुख मी, म्हणून ती सांगायची की नाही ते मी ठरवणार. आणि संमतीपत्राचा युक्तिवाद असा: माहिती माझी आहे, म्हणून ती सांगायची की नाही ते मी ठरवणार. दोन्ही वाक्यांची बांधणी एकच आहे. दोन्हीत माहितीला एक मालक आहे. धाकटी, जिच्या शरीराचा हा प्रश्न आहे, ती दोन्हीत नाही.

लंडनच्या न्यायालयात असाच एक खटला चालला होता. एका माणसाला हंटिंग्टनचा आजार असल्याचं निदान झालं. या आजाराचं जनुकही मुलांकडे निम्म्या शक्यतेनं जातं आणि त्यावर बरं करणारा इलाज नाही. त्याची मुलगी तेव्हा गरोदर होती. तिला सांगू नका, असं त्यानं डॉक्टरांना बजावलं आणि डॉक्टरांनी ते पाळलं. मूल झाल्यावर तिला कळलं, पुढे तिच्यातही तेच जनुक निघालं. तिनं रुग्णालयावर दावा लावला. २०२० मध्ये निकाल लागला: रुग्णाची गुप्तता आणि मुलीचा कळण्याचा हक्क यांचा तोल पाहणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, हे न्यायालयानं मान्य केलं, पण या प्रकरणात डॉक्टरांनी केलेला तोल चुकीचा नव्हता, म्हणून मुलगी हरली. मला हा निकाल वरवर वाटतो तितका कोरडा वाटत नाही. रुग्ण नसलेल्या माणसाबद्दलही डॉक्टरला काही कर्तव्य असतं, एवढं तरी कायद्यानं उच्चारलं.

आपल्याकडे ते अजून उच्चारलं गेलेलं नाही. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा माणसाला एकेकटा पाहतो. २०१९च्या विधेयकात जनुकीय माहितीला संवेदनशील म्हणून वेगळी जागा होती, तीही अंतिम कायद्यात राहिली नाही. विम्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की केवळ आजार जनुकीय आहे म्हणून सरसकट विमा नाकारणं हा भेदभाव आहे. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. पण काकांना विमा कंपनीची भीती नाहीच. त्यांना भीती आहे व्याह्यांची. कोणत्या न्यायालयात जायचं त्यासाठी?

आणि व्याह्यांची भीती म्हटली की 'आम्ही' घरापुरता राहत नाही, तो जातीपर्यंत जातो. इथं मराठी माणसानं जरा आपल्या कपाटात पाहायला हवं. ना. सी. फडके आपल्याला प्रणयकथांचे लेखक म्हणून ठाऊक. त्यांनी १९२७ साली इंग्रजीत भारतातल्या लैंगिक प्रश्नावर पुस्तक लिहिलं, आणि ते उघडउघड सुप्रजाजननाच्या चळवळीची बाजू मांडणारं होतं. त्या काळच्या सुधारकांना संततिनियमन आणि 'चांगली प्रजा' या एकाच गाडीच्या दोन बैलांसारख्या वाटत. शब्द किती गोड आहे पाहा: सुप्रजा. 'सु' कोणी ठरवायचं, हे त्या शब्दात येत नाही.

याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनला होत्या, ऑयगेन फिशरकडे, मानववंश आणि सुप्रजाजननाच्या संस्थेत. त्यांना दिलेलं काम म्हणजे कवट्या मोजणं. गोऱ्या माणसाची श्रेष्ठ बुद्धी त्याच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकात दिसते का, असा गुरूंचा रोख. इरावतीबाईंनी मोजलं, आणि तसं काही दिसत नाही असं लिहून १९३०च्या सुमारास डॉक्टरेट घेऊन परत आल्या. परदेशात, परक्या भाषेत, वजनदार गुरूच्या तोंडावर. 'युगान्त' लिहिणाऱ्या बाईंची ही गोष्ट आपण फार कमी सांगतो. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना, १९६८ मध्ये, कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शरीरमापं आणि रक्तगट ताडून पाहिले. दर्जा एक, नाव एक, पण हे आठ गट एका मूळ कुळाचे तुकडे आहेत असं काही निघालं नाही. आंबेडकरांनी १९३६च्या 'जातिसंहारा'वरच्या भाषणात वेगळ्या अंगानं हेच मांडलं होतं: वंशशुद्धीसाठी जात निर्माण झाली म्हणणाऱ्यांना ना वंश कळला ना जात. आणि त्याआधी वीस वर्षं, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचताना त्यांनी जातीचं एकच खरं लक्षण सांगितलं होतं: जातीतच लग्न.

आता गंमत अशी की त्या लग्नाची खूण जीनोममध्ये दिसते. जात रक्तातून आली नाही. जातीनं रक्तावर ओरखडा काढला. हार्वर्ड आणि हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की उपखंडातले लोक सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळले आणि मग मिसळणं थांबलं. २०१७ मध्ये त्यांनीच २६३ समूह तपासले. त्यातल्या ८१ समूहांमध्ये मूठभर पूर्वजांपासून वाढल्याची खूण फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही ठळक होती. आपल्या देशाची लोकसंख्या मोठी नाही, आपल्याकडे पुष्कळ छोट्या लोकसंख्या आहेत, असं त्याचं एका ओळीत सार.

त्यातलं एक उदाहरण आंध्र-कर्नाटकातलं, बंगळुरातही भरपूर दिसणारं: वैश्य समाज. या समाजात एक विशिष्ट विकर न बनवणारी प्रत बऱ्याच जणांकडे असते. रोजच्या जगण्यात तिचा काही त्रास नाही. पण शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध दिलं, आणि रुग्णाकडे दोन्ही प्रती तशा असल्या, तर इतरांत काही मिनिटांत उतरणारा परिणाम तासन्‌तास उतरत नाही; माणूस जागा होतो पण श्वास घेऊ शकत नाही, यंत्रावर ठेवावा लागतो. दक्षिणेतल्या भूलतज्ज्ञांना ही गोष्ट ठाऊक असते. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी ते एक प्रश्न विचारतात, जो दुसऱ्या कुठल्याही खोलीत विचारला तर मी उठून जाईन: तुम्ही कोणत्या समाजाचे?

हा प्रश्न मला अजून सुटत नाही. तो विचारला नाही तर माणूस मरू शकतो. विचारला तर 'जात विचारणं शास्त्रीय आहे' असं म्हणणाऱ्यांच्या हातात एक वाक्य जातं. माझं आजचं मत असं की त्या खोलीत तो विचारावा, आणि त्याची गरज लवकर संपावी म्हणून प्रत्येकाच्या विकराची सरळ चाचणी स्वस्त व्हावी. जात ही तिथं चाचणीच्या अभावी वापरलेली कच्ची मोजपट्टी आहे. पट्टी कच्ची आहे हे विसरलं की काय होतं ते बर्लिनमध्ये दिसलंच.

'जीनोम इंडिया' हा प्रकल्प इथंच, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या मेंदू संशोधन केंद्रातून चालवला गेला. २०२०च्या जानेवारीत सुरुवात, वीस संस्था, दहा हजार माणसांचे जीनोम वाचायचं उद्दिष्ट. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ८३ समूहांतल्या ९,७७२ जणांची माहिती आहे. आजवरच्या जागतिक संचांत आपली माणसं इतकी थोडी होती की इथल्या एखाद्या बाईच्या ब्राका जनुकात वेगळा बदल दिसला तर तो घातक की निरुपद्रवी हे सांगता येत नसे. अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येई. त्यामुळे मला हे काम मोलाचं वाटतं. पण त्याच काळात, २०२२च्या मे महिन्यात, संस्कृती मंत्रालय वंशांची 'शुद्धता' तपासणार अशी बातमी आली. मंत्रालयानं ती नाकारली. शेकडावर शास्त्रज्ञांनी आणि अभ्यासकांनी पत्र काढून अशा कल्पनेचाच निषेध केला. बातमी खरी की खोटी याहून मला लक्षात राहिलं ते हे, की ती वाचून आमच्या सोसायटीतल्या दोघांना आनंद झाला होता.

लग्नाच्या भीतीवर एक हुशार तोडगा न्यूयॉर्कच्या रब्बी योसेफ एकश्टाइन यांनी काढला. टे-सॅक्स या आजारानं त्यांची चार मुलं गेली. १९८३ मध्ये त्यांनी 'दोर येशोरीम' सुरू केलं. तरुण मुलामुलींचं रक्त तपासायचं, पण निकाल कुणालाच सांगायचा नाही, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक द्यायचा. स्थळ आलं की दोन क्रमांक कळवायचे. उत्तर येतं, जुळतं किंवा जुळत नाही. कुणावर डाग नाही. आपल्याकडे सिकलसेलसाठी २०२३च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेतही तपासणीनंतर कार्ड देतात आणि लग्नाआधी दोघांची कार्डं ताडून पाहावीत अशी अपेक्षा असते. पत्रिका जुळवण्याची सवय असलेल्या समाजाला हे चटकन समजतं. पण ही युक्ती चालते ती दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणाऱ्या आजारांत. ब्राकात जुळवण्यासारखं काही नाही, एकच प्रत पुरते. तिथं कुणाला तरी तोंड उघडून सांगावंच लागतं.

मावसबहिणीला समुपदेशक बाईंनी नातेवाइकांना द्यायच्या पत्राचा नमुना दिला होता. तो इंग्रजीत होता. मराठी करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. काकांचा नकार झाल्यावर ते पत्र मुलींना थेट पाठवावं का, यावर आम्ही दोघी आठवडाभर बोललो. मी 'पाठव' म्हणत होते. काकांना स्वतःबद्दल न कळून घेण्याचा पूर्ण हक्क आहे, मुलींच्या वतीनं नाही. तिला अडचण वेगळी वाटत होती. "थोरलीला कळायचंच नसेल तर?" मी म्हटलं, आधी विचार, तुला कळायचंय का. ती म्हणाली, "असं विचारलं की सांगून झालंच की." हे खरं होतं. न कळण्याचा हक्क असा विचित्र आहे की तो आहे का हे विचारतानाच निम्मा संपतो.

शेवटी तिनं पत्र पाठवलं, दोघींना वेगवेगळं. पहिलं वाक्य ठरायला वेळ लागला. नमुन्यात होतं, 'माझ्या तपासणीत एक बदल आढळला आहे, जो तुमच्यातही असू शकतो.' तिनं ते खोडून लिहिलं, 'आपल्या घरात आत्यापासून एक गोष्ट चालत आली आहे.'

थोरलीनं उत्तर दिलं नाही. पत्र मिळाल्याचं तेवढं कळवलं, आणि तिच्या बाबतीत विषय तिथं थांबला. तो तसाच थांबू द्यायचा असं मावसबहिणीनं ठरवलं आहे. धाकटीनं दुसऱ्या दिवशी फोन केला. स्थळ बघायला लोक यायचे होते, ती तारीख तिनं पुढे ढकलली आणि घरी कामाचं कारण सांगून बंगळूरला आली. संमतीपत्र तिनं स्वतःच वाचलं. सही करण्याआधी तिनं एकच विचारलं: माझ्यात नाही निघालं तर बाबांबद्दल काही कळतं का? समुपदेशक बाई म्हणाल्या, नाही, तेव्हा काहीच कळत नाही. आणि निघालं तर? आत्याची आणि मोठ्या काकांची गोष्ट माहीत असताना त्याचं उत्तर खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. अहवालाला तीन आठवडे लागतात. तो 'आहे' असा आला, तर काकांनी न दिलेल्या रक्ताचा निकालही त्याच पानावर असेल.